सात दिवस मान खाली

१

आर्वो कोस्केलाला एकच डोळा होता. दुसरा एकोणिसाव्या वर्षी गेला. छपरावर काम करताना खिळा उडाला आणि सरळ डाव्या बुबुळात शिरला. त्यानंतर सत्तावन्न वर्षं त्याने एका डोळ्यावर सुतारकी केली, अमेरिकेच्या उत्तर टोकाला, फिनलंडहून आलेल्यांच्या त्या गावातली अर्धी घरं बांधली, दर नोव्हेंबरात हरीण मारलं. लेम्पीला मागणी घालताना तो म्हणाला होता, एका डोळ्याचा नवरा बरा, इकडेतिकडे बघायला त्याच्याकडे डोळाच शिल्लक नसतो. त्यावर लेम्पी म्हणाली होती, "मग आहे तो माझ्यावर ठेव."

ती मार्चमध्ये गेली, दोन तासांवरच्या शहरातल्या इस्पितळात. त्या दिवशी सुपीरियर सरोवरावरून असं बर्फाचं वादळ उठलं की रस्ताच नाहीसा झाला. मुलगी इंकेरी आईच्या उशाशी होती. आर्वो घरी, स्वयंपाकघरात, फोन कानाला लावून उभा होता. फोनमध्ये आधी श्वास ऐकू येत होता, मग येईनासा झाला.

चौथ्या दिवशी चर्चमध्ये तो शवपेटीवर वाकला. लेम्पीचे पांढरे केस दिसले, कान दिसला, गळ्याशी लावलेली चांदीची पिन दिसली. चेहऱ्याच्या जागी मात्र राखाडी डाग होता, ओल्या बोटाने पुसल्यासारखा. त्याला वाटलं, डोळ्यात पाणी आलंय. रुमालाने पुसून तो पुन्हा वाकला. डाग तिथेच. मागे माणसं रांगेत उभी होती, कुणीतरी घसा खाकरला. तो बाजूला झाला.

ते पाणी नव्हतं. पुढच्या महिन्यांत दुकानदाराचा चेहरा गेला, पाद्रीबाबांचा गेला, आरशातला स्वतःचा गेला. कडेने जग जिथल्या तिथे होतं, पण जिथे नजर रोखावी तिथे नेमकं काही नसायचं. त्याने कुणाला सांगितलं नाही. ऑक्टोबरात करवतीने अंगठा कापून घेतला, तेव्हा इंकेरीने त्याला गाडीत घालून शहरात नेलं.

"सात महिने?" ती वाटेत ओरडली. "सात महिने तुम्हाला माझं तोंड दिसत नव्हतं, आणि तुम्ही चकार शब्द काढला नाहीत?"

"आवाज येत होता ना," आर्वो म्हणाला. "तोंड मला पाठ आहे."

डोळ्यांच्या डॉक्टर नादोबाईंनी तपासून सांगितलं, की डोळ्याच्या पडद्याला अगदी मधोमध भोक पडलंय. बारीकच आहे, पण माणूस वाचतो, चेहरे ओळखतो ते तेवढ्याच जागेने.

"ऑपरेशन तासाभराचं," त्या म्हणाल्या. "भूल फक्त डोळ्याला. तुम्ही जागे असाल. आत सावल्या हलताना दिसतील, घाबरू नका. डोळ्यातली जेली काढते, पडद्यावरची पातळ साय सोलून घेते आणि आत गॅसचा बुडबुडा सोडते. बुडबुडा नेहमी वर जातो. तुम्ही मान खाली घातलीत की डोळ्याची मागची बाजू वर येते आणि बुडबुडा बरोबर भोकावर जाऊन बसतो. त्याच्या आधाराने भोक मिटतं. माझं काम तासाचं, तुमचं सात दिवसांचं. जेवताना मान खाली, झोपताना मान खाली, चालताना मान खाली."

"आणि वर पाहिलं तर?"

"बुडबुडा सरकेल. भोक जुनं आहे, दुसरी संधी मिळेल असं मी म्हणणार नाही. आणि कोस्केला, दुसरा डोळा तुमच्याकडे नाही."

आर्वोने अंगठ्यावरची पट्टी चाचपली. मग त्याने विचारलं, "फोटोतला चेहरा दिसेल?"

"मान खाली ठेवलीत तर दिसेल."

२

ऑपरेशन मंगळवारी झालं. दुखलं नाही. डोळ्याच्या आत काळ्या काड्या तरंगताना दिसल्या, डोक्याशी दोन बायका कुणाच्या तरी लग्नातल्या केकबद्दल बोलत होत्या, आणि झालं. बुधवारी सकाळी पट्टी काढली तेव्हा समोर दुधात बुडाल्यासारखं पांढरं होतं. डोळा लालबुंद, पापणी सुजलेली, आत वाळू गेल्यासारखं खुपत होतं. हे सगळं असंच असतं, नर्स म्हणाली. तिने त्याच्या मनगटावर हिरवा पट्टा बांधला. डोळ्यात गॅस आहे, विमानात बसवू नका, असं त्यावर लिहिलं होतं.

इंकेरी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिने आठवडाभराची रजा घेतली होती. इस्पितळातूनच एक खुर्ची घरी आली होती, अशा पेशंटांसाठीच केलेली. छाती टेकायला उतरती पाठ, तोंड ठेवायला गादीचं कडं, कड्याच्या मधे मोकळं. इंकेरीने ती बैठकीच्या खोलीत शेगडीजवळ मांडली. आर्वो खुर्चीवर ओणवा झाला आणि त्याचं जग हातभर उरलं. खाली जमिनीचा तपकिरी तुकडा. मेपलच्या त्या फळ्या त्यानेच बसवलेल्या, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात.

माणसं आता पायांवरून ओळखायची. गावात कुणीच बूट घालून घरात येत नसे, त्यामुळे सगळे यायचे ते मोज्यांनी. इंकेरीचे मोजे हिरवट, धूसर. त्याचा जुना मित्र उर्हो आला तेव्हा पिवळा धब्बा दिसला आणि त्यात मधे गुलाबी ठिपका.

"उर्हो, मोज्याला भोक पडलंय तुझ्या."

"तुझ्या डोळ्याला पडलंय ते बघ आधी," उर्हो म्हणाला. त्याने वेलदोड्याचा पाव आणला होता. "काय रे, जमिनीत काही पुरून ठेवलंयस का, एवढा टक लावून बसलायस तो? पण एक आहे. तुझं तोंड बघावं लागत नाही, तर कॉफी कशी गोड लागतेय."

आर्वोने नळीने कॉफी ओढली. हसताना मान हलू नये म्हणून त्याने कडं दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

रात्री झोपेत तो उताणा वळू नये म्हणून इंकेरी दर तासाला उठून पाहायची. ती झोप भरून काढायला दुपारी दोन ते चार ती वर माडीवर जाऊन पडायची.

३

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास पाय आले.

आर्वो शेगडीचा आवाज ऐकत होता. खिडकीकडून फळी करकरली. ती तिसरी फळी. तिच्याखाली त्याने चाळीसेक वर्षांपूर्वी एक खिळा कमी मारला होता आणि लेम्पीने तो पुन्हा मारू दिला नव्हता. घरात कुणी आहे हे कळतं, म्हणायची. त्या फळीवर वजन पडल्याशिवाय ती कधी बोलत नसे.

त्याच्या तपकिरी तुकड्याच्या वरच्या कडेला राखाडी रंग आला. दोन धूसर गोळे, शेजारी शेजारी. दोन्हींवर वरती तांबडी रेघ.

"झोप लागली नाही का?" त्याने विचारलं.

पाय तिथेच होते. इंकेरी बर्फ पाहत असेल खिडकीतून, असं त्याला वाटलं. मग एक गार झुळूक जमिनीवरून त्याच्या तोंडावर आली, तळघराचं दार उघडल्यावर येते तशी.

"दार उघडं राहिलं का ग कुठलं?"

तेवढ्यात वरून, छताच्या पलीकडून, इंकेरीच्या पलंगाची स्प्रिंग वाजली आणि ती झोपेत खोकली.

आर्वो ओरडला नाही. त्याने कडं घट्ट धरलं. राखाडी गोळे हलले नाहीत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पुन्हा फळी करकरली आणि त्याच्यासमोर फक्त जमीन उरली.

चार वाजता हिरवट मोजे जिना उतरून आले.

"इंकेरी," तो म्हणाला, "तुझ्या आईचे ते राखाडी मोजे होते बघ. तांबड्या रेघांचे."

"तुम्ही निळ्या लोकरीने रफू केले होते ते?"

लेम्पीची बोटं संधिवाताने वळेनाशी झाली तेव्हा तिच्या मोज्याची टाच आर्वोने रफू केली होती. घरात निळीच लोकर उरली होती. रफू असं ओबडधोबड झालं की लेम्पी आठवडाभर येईल त्याला पाय दाखवत होती.

"तेच. कुठे आहेत?"

इंकेरी शेगडीत लाकूड सरकवत होती. तिचा हात थांबला.

"बाबा, तिच्या पायातच आहेत," ती म्हणाली. "तिला नेहमी पायांना गार लागायचं, म्हणून मीच घातले. तुम्हाला सांगितलं होतं तेव्हा."

४

शुक्रवारी सकाळी त्याने इंकेरीला नर्सला फोन लावायला सांगितलं आणि तिला स्वयंपाकघरात पिटाळलं.

"मला आकार दिसतात," तो हळू आवाजात म्हणाला. "नसलेले."

"दिसतात काही जणांना," नर्स सहज म्हणाली. "डोळ्याकडून काही येईनासं झालं की मेंदू स्वतःकडची जुनी चित्रं काढून लावतो. वेडबिड काही नाही हो. बुडबुडा विरघळला की जाईल. दुखतंय का? एकदम काळोख आला का? मग काळजी नको."

"त्या चित्रांना आवाज असतो?"

"नाही," नर्स म्हणाली. "आवाज नसतो त्यांना."

आर्वोने फोन ठेवला. माणूस म्हातारा झाला, चार दिवस नीट झोपला नाही, डोळ्यात गॅस आहे. फळी काय, थंडीत लाकूड आकसतं, आपोआप वाजतं. त्याने आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं होतं. बायका घाबरून त्याला बोलवायच्या, रात्री जिना वाजतो म्हणून, आणि तो त्यांना लाकूड कसं श्वास घेतं ते समजावून सांगायचा.

त्या दुपारी दोन वाजल्यापासून तो कान देऊन बसला.

फळी वाजली. तीच. आणि त्याच्या लक्षात आलं की आपण घाबरलेलो नाही, आपण सकाळपासून तिची वाट पाहतोय.

"लेम्पी," तो जमिनीला म्हणाला.

पाय जवळ आले. एक पाऊल, मग दुसरं. चालताना डावा पाय जरासा घासत होता, कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून घासायचा तसा. ते त्याच्या खुर्चीपाशी येऊन थांबले.

आता मान वर करायची की झालं. पण वर केली तर काय दिसणार? धुकं. दिवसातून चारदा औषध घालताना इंकेरी दहा आकड्यांपुरती मान वर करायला लावायची, तेव्हा खिडकीसुद्धा धड दिसत नव्हती. आत्ता पाहावं तर डोळ्यात चेहरा उमटणार नाही, आणि पाहिल्यावर पुढे कधी पाहायला डोळा उरणार नाही. त्याने दात आवळले.

"मला वर बघायला बंदी आहे ग," तो म्हणाला. "मंगळवारपर्यंत."

त्याच्या मानेवर, जिथे शिरा ताठून दगड झाल्या होत्या तिथे, काहीतरी टेकलं. हलकं आणि इतकं गार की भाजल्यासारखं वाटलं. ते काही क्षण तसंच राहिलं, मग उचललं गेलं. आर्वोच्या नाकावरून पाणी ओघळून मेपलवर पडलं.

संध्याकाळी इंकेरीने तेवढी जमीन पुसून घेतली.

५

शनिवारी ती आली. रविवारीही आली. दोन्ही दिवस तो बोलत राहिला. रस्ता बंद होता हे सांगितलं. त्या दिवशी ट्रकला बर्फ सारणारा नांगर लावून निघालो होतो आणि टेकडीखालून परत फिरावं लागलं, हे सांगितलं. ते त्याने इंकेरीलाही सांगितलं नव्हतं. पेटीवर वाकलो तेव्हा तुझा कान दिसला, पिन दिसली, पण तू दिसली नाहीस. माणसं खोळंबली होती म्हणून मी सरकलो. सरकायला नको होतं.

दरवेळी पाय जरा जास्त जवळ असायचे.

आणि आणखी एक. बुडबुडा आता लहान होत होता, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच. खाली पाहताना तो नजरेच्या मधोमध काळ्या काठाचा गोल दिसायचा, सुताराच्या पाणपातळीच्या नळीतल्या बुडबुड्यासारखा थरथरणारा. त्याच्याभोवती मात्र रोज थोडी जास्त जागा स्वच्छ होत होती. रविवारी त्या कडेला त्याला लोकरीची वीण दिसली. टाचेवर निळा चौकोन दिसला, त्याच्याच हातचे वाकडे टाके.

मेंदू जुनी चित्रं लावतो, नर्स म्हणाली होती. असेल. पण निळ्या टाक्यांमध्ये माती अडकली होती, पिवळसर, वाळूमिश्रित. कबरस्तानाच्या टेकडीवर असते तशी. ते चित्र आर्वोकडे जुनं नव्हतं.

"बाबा, तुम्ही दुपारी कोणाशी बोलता?" इंकेरीने त्या संध्याकाळी विचारलं.

"उर्होशी."

"उर्हो आज आलाच नाही."

"म्हणून तर बोलता येतं. आला की तोच बोलतो."

ती हसली नाही. ती त्याच्या खुर्चीशेजारी खाली बसली आणि बराच वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून राहिली. तिचा हात ऊबदार होता. आर्वोला त्या उबेचा थोडा राग आला, आणि मग लाज वाटली.

६

सोमवारी बाहेर ऊन होतं. बर्फावरून परतलेला उजेड खोलीत भरला होता आणि फळ्यांवरची प्रत्येक रेघ कडेकडेने स्पष्ट दिसत होती.

पाय आले, थांबले. मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. गुडघे टेकले गेले. निळा झगा दिसला, रविवारी चर्चला घालायची तो. मग दोन हात जमिनीवर आले. बोटांचे सांधे सुजलेले, उजव्या हातात अंगठी. ते हात फळ्यांवर सरकत पुढे आले.

तो वर बघू शकत नाही, म्हणून ती खाली येत होती.

ती आडवी झाली. हळूहळू, उताणी, डोकं पुढे करून, ट्रकखाली शिरावं तशी ती त्याच्या खुर्चीखाली शिरली. कापड लाकडावर घासल्याचा आवाज येत होता. आधी पांढरे केस आले, फळ्यांवर पसरलेले. मग कपाळाची कड. मग कान. गळ्याशी चांदीची पिन चमकली. आणि ती थांबली, त्याच्या बरोबर खाली, हातभर अंतरावर.

तिचा चेहरा बुडबुड्याच्या मागे होता.

काळ्या काठाचा गोल थरथरत नेमका तिथेच बसला होता. भोवती केस, कान, हनुवटीची रेघ, मधे काही नाही. मान जराशी, दोन बोटं, डावीकडे झुकवली असती तर बुडबुडा घरंगळला असता आणि कडेच्या स्वच्छ जागेत ती आली असती. दोन बोटं फक्त. खालून गारवा येत होता, त्याच्या ओठांना लागत होता. खालून श्वास येत नव्हता.

हनुवटी हलली. ती काहीतरी बोलत होती, किंवा बोलण्याचा प्रयत्न करत होती. आवाज नव्हता.

"उद्या," आर्वो म्हणाला. "लेम्पी, उद्या सकाळी मला मोकळं करतील. मग मी बघेन. सगळी बघेन तुला. एकच दिवस थांब."

हनुवटी हलायची थांबली.

त्याने डोळा मिटला, कारण उघडा ठेवला असता तर मान आपोआप वळली असती. त्याने शंभरपर्यंत मोजलं, फिनिशमध्ये, आईने शिकवलं होतं तसं. मग पुन्हा शंभर. वर पलंग वाजला, हिरवट मोजे जिन्यावर उतरू लागले, तेव्हा त्याने डोळा उघडला.

फळ्या होत्या.

७

भोक मिटलं होतं.

"इतकं सुंदर मिटलंय की मला फोटो काढून ठेवावासा वाटतोय," डॉक्टर नादो म्हणाल्या. वर्षभरात या डोळ्यात मोतीबिंदू येईल, तेही ठरलेलंच असतं, तेव्हा तो काढू. बाकी छान. "मान वर करा आता. खूप सोसलंत."

पुढच्या काही आठवड्यांत गॅस जिरला आणि चेहरे परत आले. डॉक्टरांच्या नाकावर ठिपके होते. उर्हो फार म्हातारा दिसत होता. इंकेरीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, ती आर्वोला पाठ नव्हती. घरी त्याने लेम्पीचे फोटो एकेक करून हातात घेतले. लग्नातली, तंबाखूच्या डब्यात मासेमारीचे गळ भरणारी, नातीच्या बारशातली. सगळ्या दिसल्या. सगळ्या हसत होत्या. ज्या चेहऱ्याने ती त्याच्या खुर्चीखाली येऊन काही सांगू पाहत होती, तो त्यांतल्या कुठल्याच फोटोत नव्हता.

दुपारी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसरी फळी गप्प होती.

खुर्ची परत न्यायला माणूस आला तेव्हा आर्वोने मान दुखते असं सांगून त्याला परत पाठवला. दुसऱ्यांदा आला तेव्हा दार उघडलं नाही. शेवटी इंकेरी येऊन स्वतः घेऊन गेली. मग आर्वोने तळघरात उतरून पाइनच्या लाकडाची तशीच एक केली. सत्तावन्न वर्षांतलं सगळ्यात नीट काम. कड्यात लेम्पीच्या उशीचा कापूस भरला.

रोज दोन वाजता तो त्या खुर्चीवर ओणवा व्हायचा, चारपर्यंत. ख्रिसमस गेला, जानेवारी गेला. डोळा आता इतका चांगला झाला होता की त्याला फळीवरचे खिळ्यांचे ओरखडे मोजता यायचे. मधोमध, कडेला, कुठेही. मधे यायला बुडबुडा नव्हता. पाहायला काही नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी इंकेरी न कळवता आली. आर्वोला मागचं दार ऐकू आलं, बूट काढल्याचे आवाज आले, कागदी पिशवी सळसळली. मग पावलं दाराच्या चौकटीत थांबली. ती चिडणार हे त्याला माहीत होतं. चिडलेली ती आईसारखीच आधी गप्प व्हायची.

"बोल," तो म्हणाला. "बोलून घे."

पिशवी खाली पडली, त्यातून एक संत्रं घरंगळत गेल्याचा आवाज झाला.

"बाबा," इंकेरी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण लहानपणचा. "हलू नका."

"का?"

"तुमच्या खुर्चीखाली..." ती थांबली. "बाबा, ते निळं काय आहे? कोण पडलंय तिथे?"

आर्वोने डोळा फाडून पाहिलं. मेपलची फळी. तिच्यातली गाठ. खिळ्याचं डोकं. लख्ख, कोरडं, रिकामं.

"ती आहे?" त्याने विचारलं. "इंकेरी, तुला दिसतेय?"

दाराशी इंकेरी तोंडाने श्वास घेत होती.

"चेहरा कसा आहे तिचा? काय म्हणतेय?" त्याच्या हातांनी पाइनचं कडं इतकं आवळलं की लाकूड कण्हलं. मान त्याने वर केली नाही. "बरं, राहू दे. एवढंच सांग. ती माझ्याकडे बघतेय का?"

"नाही बाबा," इंकेरी म्हणाली. "तिने डोळे मिटून घेतलेत."